सप्टेंबरअखेर

२०२३ ची अनंत चतुर्दशी गुरुवारी आली, २८ सप्टेंबरला. मागच्या अंगणात टबात पाणी भरून ठेवलं होतं, मुलीनं आरतीचं तबक लावलं होतं, आणि मी तळघरात लॅपटॉपसमोर एका सहीची वाट बघत बसलो होतो. आमच्या कंत्राटाच्या शेवटच्या वाढीव वर्षाची सही. शनिवारी मध्यरात्रीच्या आत ती झाली नाही, तर ज्या पैशातून ते वर्ष मिळायचं तो पैसाच लॅप्स होणार होता. वरून तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा म्हणालो, तुम्ही करा सुरू. गणपती माझ्याशिवाय गेले. सही शुक्रवारी दुपारी आली.

मी मूळचा तासगावचा. आता फ्रेडरिकला राहतो, मेरीलँडमध्ये. धंदा म्हणाल तर प्रयोगशाळांतले पिपेट, तराजू, उणे ८० चे फ्रीझर, बायोसेफ्टी कॅबिनेट तपासायचे, कॅलिब्रेट करायचे आणि वर तारखेचं स्टिकर लावून द्यायचं. आम्ही सहा जण, त्यातले चौघे बॅग घेऊन फिरणारे. फ्रेडरिकपासून खाली बेथेस्डापर्यंत जाणाऱ्या आय-२७० च्या दोन्ही अंगांना इतक्या प्रयोगशाळा आहेत, की गिऱ्हाईक शोधायला गाडीची टाकी एकदा भरली तरी पुरते. त्यातल्या मोठ्या प्रयोगशाळा सरकारी. त्यांच्याकडे काम मागायला मी २०१८ मध्ये गेलो आणि पुढची दीड वर्षं नुसता शिकलो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेची छोटी कामं घ्यायचे. मोऱ्या, शाळेच्या खोल्या, कुठं रस्त्याचं खडीकरण. त्यामुळे मार्च एण्ड काय असतो ते मला शाळेत असल्यापासून ठाऊक. वर्षभर 'निधी नाही' म्हणणारं ऑफिस फेब्रुवारीत जागं व्हायचं, मार्चमध्ये पळत सुटायचं, आणि ३१ तारखेला रात्री अकरा वाजता ट्रेझरीबाहेर चहाच्या गाडीवर निम्म्या तालुक्यातले ठेकेदार उभे असायचे. बिल निघालं तर निघालं, नाहीतर निधी परत गेला. अमेरिकेत असलं काही नसणार, अशी माझी समजूत होती. ती कुठून आली होती कुणास ठाऊक.

इथलं केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. नाव संपण्याच्या सालाचं, म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये जे सुरू झालं ते 'वर्ष २०१९'. पूर्वी ते १ जुलैला सुरू व्हायचं. काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, बजेट वेळेत मंजूर करायला जमत नाही म्हणून १९७४ च्या कायद्यानं तीन महिने पुढं ढकललं आणि १९७६ पासून तो बदल लागू झाला. तीन महिने जास्त मिळूनही काय झालं? तेव्हापासून सगळी विनियोजन विधेयकं, म्हणजे खात्यांच्या खर्चाला मंजुरी देणारी विधेयकं, वेळेत मंजूर होण्याचा योग फक्त चारदा आला, आणि शेवटचा आला १९९७ च्या वर्षासाठी. म्हणजे मी अजून सांगलीत डिप्लोमा करत होतो तेव्हा.

एप्रिल २०१८ मध्ये मी सॅमवर नोंदणी केली. सॅम ही सरकारला माल किंवा सेवा विकणाऱ्यांची नोंदवही. नोंदणी फुकट असते. पण त्याच सुमाराला कुणीतरी दुसऱ्यांच्या खात्यांत घुसून बँकेचे तपशील बदलल्याचं उघडकीला आलं होतं, म्हणून नव्या लोकांकडून नोटरी केलेलं पत्र मूळ प्रतीत, टपालानं मागत होते. पत्र गेलं, आठवडे गेले. दरम्यान रोज दोन-तीन ईमेल यायचे, पाचशे-सातशे डॉलर भरा, नोंदणी पूर्ण करून देतो. दिसायला अगदी सरकारी. एकाला मी जवळजवळ पैसे भरलेच होते, बायकोनं पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम दाखवलं म्हणून वाचलो.

नोंदणी झाली आणि ऑगस्टपासून कामांच्या जाहिराती धो धो पडायला लागल्या. आजची मागणी, तीन दिवसांत दर पाठवा. मला वाटलं, हाच आपला मोसम. त्या सप्टेंबरात मी अकरा ठिकाणी दर पाठवले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून. गणपती १३ तारखेला आले, २३ ला गेले, आणि त्या अकरा दिवसांतला एकही दिवस मला नीट आठवत नाही. अकराच्या अकरा ठिकाणी नकार, त्यातल्या सात ठिकाणी तर नकारही नाही, नुसती शांतता.

आण्णांना फोनवर सांगितलं. ते हसले.

"मार्च एण्डला नवा गडी घेतंय होय कुणी? आमचा इंजिनिअर ३० मार्चला कुणाला बोलवायचा? ज्याच्याकडं खडी पडलेली हाय आणि ज्यानं आधीची मोरी नीट बांधलीया, त्याला. तुला कोण वळखतंय?"

"आण्णा, इथं तसं नसतं, ऑनलाइन असतं सगळं."

"असू दे की. माणूसच उघडतोय न्हवं ती ऑनलाइन?"

हेच मला नंतर एका बाईंनी समजावलं, जरा जास्त शिस्तीत. प्रत्येक राज्यात लघुउद्योगांना सरकारी कंत्राटं मिळवण्यासाठी फुकट सल्ला देणारी केंद्रं असतात. तेव्हा त्यांना पीटॅक म्हणत, आता नाव ॲपेक्स ॲक्सिलरेटर झालंय. तिथल्या सल्लागार बाई स्वतः निवृत्त कंत्राट अधिकारी होत्या. माझी अकरा कोटेशनं त्यांनी चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "यातल्या एका तरी प्रयोगशाळेत किती पिपेट आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?" नव्हतं. "मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर साठ फायली आहेत, तो तुमच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवेल?"

त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत माझ्या भाषेत लिहून ठेवलं होतं. राष्ट्राध्यक्षांचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी येणं अपेक्षित, ते बहुतेक वेळा उशिरानं येतं, पण आपल्या कामाचं त्यात फारसं नसतं. बारा विनियोजन विधेयकं हा खरा झरा. ती ३० सप्टेंबरपर्यंत झाली नाहीत की तात्पुरता ठराव करतात, त्याला सगळे सीआर म्हणतात. सीआर असेपर्यंत गेल्या वर्षीच्याच दरानं खर्च चालतो आणि नवं काम सहसा सुरू करता येत नाही. मग कधीतरी जानेवारीत, नाहीतर मार्चमध्ये, खरं बजेट होतं. ते ओएमबीकडून, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रक कचेरीकडून, वाटून, खात्यातून, विभागातून झिरपत प्रयोगशाळेपर्यंत यायला आणखी काही आठवडे. म्हणजे बारा महिन्यांचा पैसा हातात पडतो तेव्हा पाच-सहा महिनेच उरलेले असतात. वर जून-जुलैत प्रत्येक कंत्राट कचेरी आपापली शेवटची तारीख लावते, अमुक रकमेपुढची मागणी यानंतर घेणार नाही. सप्टेंबरात जी धांदल दिसते ती आळसामुळे आहे असं मला वाटायचं. निम्मी तरी ती या गणितामुळे असते.

उरलेली निम्मी मात्र आपल्याकडच्यासारखीच, 'खर्च केला नाही तर पुढच्या वर्षी कापतील' या भीतीची. यावर इथं रीतसर अभ्यास झालाय. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च एरवीच्या सरासरी आठवड्याच्या सुमारे पाचपट भरतो, आणि त्या आठवड्यात दिलेल्या संगणक प्रकल्पांचा दर्जा बाकीच्यांपेक्षा हलका निघतो. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, अभ्यास कशाला करायचा त्याचा, मार्चमध्ये केलेलं डांबरीकरण जूनमध्ये बघायचं.

पण पहिला खरा धडा सल्लागार बाईंच्याही आधी, त्या हिवाळ्यातच मिळाला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली मला दोन सरकारी प्रयोगशाळांतलं पिपेटचं काम मिळालं. उरलेली विधेयकं झाली नाहीत आणि खर्चाची मंजुरी संपली, म्हणून २२ डिसेंबरला सरकारची बरीच खाती बंद पडली आणि ३५ दिवस बंद राहिली. गंमत अशी, की माझी एक प्रयोगशाळा चालू आणि दुसरी बंद. दोन्ही आरोग्याशीच संबंधित, मग असं का? तर त्या वर्षी बारापैकी पाच विधेयकं झालेली होती. आरोग्य खात्याचं विधेयक त्यात होतं, म्हणून एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेला झळ नव्हती. पण औषधं तपासणाऱ्या एफडीएचा पैसा शेतीच्या विधेयकातून येतो, आणि ते अडकलेलं! कुठला साहेब, कुठलं खातं, याच्याआधी पैसा बारांपैकी कुठल्या नळाचा, हे विचारायला मी त्या जानेवारीत शिकलो. संक्रांतीला तिळगूळ घेऊन ज्या गेटवर गेलो तिथला पहारेकरी बिनपगारी उभा होता. त्याला नंतर कंत्राटी असल्यामुळे काही मिळालं की नाही, माहीत नाही. खात्याच्या नोकरांना बंद काळाचा पगार मागाहून मिळतो, २०१९ च्या कायद्यानं आता तसा शब्दच दिलाय. कंत्राटदाराच्या माणसांना तसा शब्द कुणी दिलेला नाही.

बाईंच्या सांगण्यावरून २०१९ चा फेब्रुवारी ते मे मी एकाही निविदेला हात लावला नाही. खात्यांचे लघुउद्योग कक्ष येत्या वर्षातल्या खरेदीचे अंदाज प्रसिद्ध करतात, ते वाचले. 'हे काम करणारे कोण आहेत' अशी नुसती चौकशी करणाऱ्या ज्या सूचना निघतात, सोर्सेस सॉट म्हणतात त्यांना, त्यांची उत्तरं दिली. त्यात दर नसतो, काम मिळत नाही, म्हणून माझ्यासारखे अडाणी त्या सोडून देतात. खरं तर तिथंच ठरतं की काम लघुउद्योगांसाठी राखायचं का. दोन छोट्या कंपन्या लायक दराची बोली देतील अशी खात्री अधिकाऱ्याला वाटली, तर ते आपल्यासारख्यांसाठी बाजूला ठेवतात. तेव्हा दहा हजारांच्या वरची आणि अडीच लाख डॉलरच्या आतली खरेदी तर मुळात राखीवच असायची, असे दोन जण मिळाले की. (१ ऑक्टोबर २०२५ पासून हे आकडे पंधरा हजार आणि साडेतीन लाख झालेत.)

एप्रिलमध्ये अशा एका चौकशीला मी तीन पानी उत्तर पाठवलं. मे महिन्यात त्या प्रयोगशाळेच्या माणसानं फोन करून विचारलं, आठ चॅनलचे पिपेट तुम्ही जागेवर करता का? करतो म्हटलं. जाऊन बघून आलो. ४१२ पिपेट, त्यातले साठेक ड्रॉवरमध्ये पडून असलेले, कुणाला पत्ता नसलेले. ते मी त्यांच्या यादीत घालून दिले, फुकट. मग जून, जुलै, ऑगस्ट काही नाही. ६ सप्टेंबरला जाहिरात निघाली, ११ ला बंद. मी दर टाकला, या वेळी एका संध्याकाळीत, कारण आकडे माझ्या खिशात होते. २७ तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पावणेसातला फोन आला, नोंदणी चालू आहे ना, आणि दुसऱ्या वर्षाच्या दरात काही करता येईल का. सोमवारी ३० सप्टेंबरला रात्री नऊ पन्नासला करारपत्र ईमेलनं आलं. ४१,२०० डॉलर, एक वर्ष आणि पुढं चार वाढीव वर्षं, ज्याची त्याची सही दरवर्षी. कोकणस्थ शेजाऱ्यांनी शॅम्पेन उघडू म्हटलं, मी तासगावला फोन लावला. तिथं सकाळचे साडेसात वाजले होते.

"बिल निघालं?" आण्णा म्हणाले.

"वर्क ऑर्डर आलीय."

"मग अजून काय न्हाई."

बिलाचं मात्र इथं बरं आहे, ते कबूल केलं पाहिजे. रीतसर बिल दिलं की तीस दिवसांत पैसे, उशीर झाला तर व्याज त्यांनीच न मागता द्यायचं, असा कायदा आहे. मला एकदा सरकारकडून चार डॉलर अकरा सेंट व्याज आलं. आण्णांचा विश्वास बसला नाही, म्हणून त्याचा फोटो पाठवला.

आता यातली बारीक गोम, जी मला दोन कंत्राटं हातात आल्यावर कळली. वर्षाचा पैसा त्याच वर्षात बांधावा लागतो, म्हणजे करार करून कुठल्या तरी कामाला लावून ठेवावा लागतो, पण खर्चाचं काम पुढच्या वर्षात गेलं तरी चालतं, सेवा असेल तर बारा महिन्यांपर्यंत. म्हणून माझं ते पहिलं कंत्राट ३० सप्टेंबरला जन्मलं हे फार बरं झालं. त्याचं पुढचं सबंध वर्ष मावळत्या वर्षाच्या पैशावर चालायचं. ऑक्टोबरात काँग्रेसमध्ये काहीही धिंगाणा होवो, आमचा पैसा आधीच बांधलेला. दुसरं कंत्राट जानेवारीत सुरू होणारं होतं. दिसायला तेवढंच, किंबहुना मोठं. पण त्याला नव्या वर्षाचा पैसा लागायचा, आणि नवं वर्ष म्हणजे सीआर. मग वर्षाची ऑर्डर तुकड्यातुकड्यानं यायची. आधी सात आठवड्यांची, मग पाच आठवड्यांची. वर 'निधी उपलब्ध झाल्यास' हे कलम. २०२४ च्या वर्षाची विधेयकं झाली ९ आणि २३ मार्चला. तोवर मी एका कामासाठी चार वेगवेगळे कागद सही करून घेतले होते आणि माणूस नेमायचा की नाही ते चार वेळा ठरवलं होतं. आता मी अधिकाऱ्याशी बोलताना सरळ विचारतो, हे सप्टेंबरात बसवता येईल का? पुष्कळदा त्यांनाही तेच हवं असतं.

सगळाच पैसा वर्षाचा नसतो हेही खरं. संरक्षण खात्याचा संशोधनाचा पैसा दोन वर्षं चालतो, यंत्रखरेदीचा तीन वर्षं. या धंद्यातले लोक पैशाला रंग असतो म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाकडे गेलो की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मी रंग विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरचा शास्त्रज्ञ माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी त्याचा पगार विचारला. तो जाऊन विचारून आला, दोन वर्षांचा निघाला. त्याचं काम मग आम्ही निवांत नोव्हेंबरात केलं.

माझ्या हातून चूक झाली नाही असं नाही. सॅमची नोंदणी दरवर्षी ताजी करावी लागते. २०२१ मध्ये मी विसरलो. एका जुन्या गिऱ्हाइकाला २२ सप्टेंबरला दोन फ्रीझरची डागडुजी हवी होती, काम माझंच होतं, पण नोंदणी मेलेली. चार दिवस मी संगणकाशी भांडलो आणि काम दुसरीकडे गेलं. त्या अधिकारी बाईंना दोष काय देणार, त्यांच्या घड्याळात ३० तारीख होती.

पाच वर्षं संपल्यावर २०२४ मध्ये ते पहिलं कंत्राट पुन्हा बोलीला निघालं. मिळालं, थोड्या कमी दरात.

आणि मग २०२५. बांधलेला पैसा म्हणजे आपण निर्धास्त, ही माझी हुशारी तिथं उतरली. २९ सप्टेंबरला वाढीव वर्षाची सही झाली, पैसा बांधलेला, सगळं चोख. १ ऑक्टोबरला सरकार बंद झालं. विधेयक एकही झालेलं नव्हतं, त्यामुळे या वेळी चालू नळच नव्हता. कागदावर आमचं काम चालू होतं, पण आत कोण घेणार? आमच्या माणसाला प्रयोगशाळेत सोबत करणारा कर्मचारीच घरी बसलेला. फक्त फ्रीझर मरू नयेत म्हणून जे दोघं-तिघं येत होते, ते फोनवर विचारायचे, गजर वाजतोय, काय करू? मी फोनवरून सांगायचो. त्याचं बिल लावलं नाही, लावताही आलं नसतं.

दसरा दुसऱ्या दिवशी होता. दिवाळी मधेच येऊन गेली. बँकेच्या उचलीतून दोघा टेक्निशियनना निम्मा पगार देत राहिलो, तिसऱ्याला खासगी कंपनीच्या कामावर पाठवलं, चौथा आपणहून म्हणाला मी उबर चालवतो, सर, तुम्ही नंतर बोलवा. बंद ४३ दिवस चालला, १२ नोव्हेंबरला रात्री उठला. आत गेलो तेव्हा १३६ पिपेटवरची स्टिकरं ऑक्टोबरात संपलेली होती, म्हणजे त्यांनी मोजलेलं काहीच नियमाप्रमाणे ग्राह्य धरता येत नव्हतं. आणि जो ठराव झाला होता तो ३० जानेवारीपर्यंतचा.

आण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. बंद काळात ते रोज फोन करायचे. एकदा म्हणाले, "आमच्यात निधी न्हाई म्हनायचे, पर हापीस उघडं असायचं. बसायला तरी मिळायचं."

परवा बायकोनं नवं कालनिर्णय भिंतीवर लावलं आणि सप्टेंबरचं पान आधी उघडलं. २०२६ ची गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ ला. दोन कंत्राटांची वाढीव वर्षं आणि एक नवी बोली, सगळं त्याच पंधरवड्यात.

"दीड दिवसाचा बसवायचा का?" ती म्हणाली.

तासगावचा गणपती दीड दिवसाचाच असतो. दुसऱ्या दिवशी रथ ओढतात, माणसांचा समुद्र लोटतो, आणि विसर्जन. मी पेन घेतलं आणि १५ तारखेच्या चौकटीत संध्याकाळी 'सुट्टी' असं लिहिलं.